जपानला राहायला जाताय? जेआर पासचं सोडा, आधी घराचं स्टेशन ठरवा

प्रश्न थोडक्यात असा होता. पुण्याचं कुटुंब, नवरा-बायको आणि तीन वर्षांची मुलगी, नवऱ्याची कंपनीतर्फे दोन वर्षांसाठी टोकियोला बदली झालीये, दोघंही शाकाहारी पण अंडं चालतं. दर वीकेंडला एक नवीन शहर बघायचं ठरलंय, क्योतो, ओसाका, हिरोशिमा, साप्पोरो अशी यादीसुद्धा तयार आहे, तर जेआर पास, म्हणजे जपानच्या रेल्वेचा ठरावीक दिवस हवं तेवढं फिरायचा पास, किती दिवसांचा घ्यावा, महिन्याला फिरण्याचं बजेट किती धरावं, आणि घर निशी-कासाइला, म्हणजे टोकियोतल्या भारतीय वस्तीच्या भागात घ्यावं का.

ताई, यादी छान आहे पण प्रश्न टुरिस्टचा आहे आणि तुम्ही येताय राहायला. गडबड इथेच होते. टुरिस्ट चौदा दिवस येतो, रोज मोकळा असतो, त्याला कचरा टाकायचा नसतो, वॉर्ड ऑफिसला जायचं नसतं, मुलीला सर्दी झाली म्हणून क्लिनिकच्या रांगेत बसायचं नसतं. तुमच्याकडे आठवड्यातले दोनच दिवस, त्यातला शनिवार अर्धा घरकामात जाणार. त्यामुळे कुठला पास हा खरा प्रश्नच नाहीये, तुम्ही घर कुठे घेता आणि तिथून शनिवारी सकाळी उठून किती कमी कटकटीत बाहेर पडता येतं हा आहे. मी टोकियोत बरीच वर्षं आहे आणि आमच्या ऑफिसात भारतातून येणाऱ्या नवीन लोकांची बसवाबसवी माझ्याच गळ्यात असते, त्यामुळे हे सगळं किती कुटुंबांच्या बाबतीत बघितलंय ते विचारू नका.

आधीच सांगते, बऱ्याच गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. ऑफिस कुठे आहे, कंपनी घरभाडं देते का, नवरा रोज नऊला घरी येतो की सातला, मुलगी ट्रेनमध्ये झोपते की गोंधळ घालते. शेवटचा मुद्दा मी गंमत म्हणून लिहीत नाहीये, तीन वर्षांचं पोर दोन तास बसू शकतं की नाही यावरच तुमची अर्धी यादी उडते किंवा राहते.

आता जेआर पास. तो तुम्हाला मिळणारच नाही. देशभर चालणारा जो पास युट्यूबवर सगळे दाखवतात तो फक्त टेम्पररी व्हिजिटर म्हणून आलेल्यांना मिळतो, म्हणजे पासपोर्टवर तो शिक्का लागतो, वर्क व्हिसा आणि डिपेंडंट व्हिसावाल्यांना नाही. आणि हळहळू नका, कारण ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत अशी काही वाढवली की सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येनला गेला. टोकियो ते क्योतो नोझोमीचं (त्या लाइनवरची सगळ्यात वेगवान शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन) रिझर्व्ह तिकीट एका बाजूचं १४ हजार येनच्या थोडं वर आहे, म्हणजे नुसतं जाऊन यायला तो पास टुरिस्टलासुद्धा परवडत नाही आता. जुने ब्लॉग वाचून लोक अजून पास पास करत बसतात.

मग राहणाऱ्यांनी काय करायचं? तीनचार गोष्टी आहेत. स्मार्ट ईएक्स नावाचं अ‍ॅप आहे, त्यावर तोकाइदो लाइनची (म्हणजे टोकियो, नागोया, क्योतो, ओसाका) शिनकानसेन बुक होते आणि काही दिवस आधी बुक केलं तर हायातोकु नावाची सवलत मिळते, ठरावीक गाड्यांवर. दुसरं पुरात्तो कोदामा, कोदामा म्हणजे प्रत्येक स्टेशनला थांबणारी शिनकानसेन, टोकियोहून क्योतोला नोझोमी सव्वादोन तासांत जाते तर ही साडेतीन तासांच्या वर घेते, पण तिकीट बरंच स्वस्त आणि वर एका ड्रिंकचं कूपन. लहान मूल असेल तर मला उलट कोदामाच आवडते, गर्दी कमी असते आणि प्लॅटफॉर्म बघत पोरं रमतात. तिसरं टोकियो वाइड पास, तीन सलग दिवसांचा, १५ हजार येनच्या आसपास, हा मात्र परदेशी पासपोर्ट असलेल्या सगळ्यांना मिळतो, इथे राहणाऱ्यांनासुद्धा, आणि त्यात निक्को, कारुइझावा, कावागुचिको, इझू, एचिगो-युझावा हे सगळं येतं. लाँग वीकेंडला तीन दिवस रोज वेगळीकडे जाऊन रात्री घरी झोपायचं असेल तर हा वसूल होतो, एकाच ठिकाणी राहायचं असेल तर नाही होत. आणि सेइशुन १८ किप्पु, ज्याच्याबद्दल बॅचलर मित्र तुम्हाला नक्की सांगतील, तो फक्त साध्या लोकल गाड्यांवर चालतो आणि २०२४ च्या हिवाळ्यापासून तो सलग तीन किंवा सलग पाच दिवसांचा आणि एकाच माणसाचा झालाय, आधी पाच दिवस हवे तेव्हा आणि ग्रुपमध्ये वाटून वापरता यायचे, ती मजा गेली. मुलीला घेऊन तो विसरा.

मुलीचं तिकीट हा तुमचा आनंदाचा भाग आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना एका मोठ्या माणसाबरोबर दोघांपर्यंत फुकट, शिनकानसेनमध्ये सुद्धा, फक्त वेगळी सीट हवी असेल तर अर्धं तिकीट. गर्दीच्या दिवसांत अर्धं तिकीट काढाच, नाहीतर अडीच तास मांडीवर.

आता घराकडे येते, माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. इथे कंपनी घर ते ऑफिस असा तेइकी म्हणजे ट्रेनचा पास देते, एक, तीन किंवा सहा महिन्यांचा, आणि त्या पट्ट्यात शनिवार-रविवारी सुद्धा कितीही वेळा फिरा, मधल्या कुठल्याही स्टेशनला उतरा, एक येन लागत नाही. म्हणजे घर अशा ठिकाणी घ्या की नवऱ्याचा तेइकी टोकियो स्टेशन, शिंजुकु, उएनो यांच्यासारख्या मोठ्या जंक्शनवरून किंवा अगदी जवळून जाईल. नवीन लोक घर बघताना ऑफिसला किती मिनिटं एवढंच बघतात आणि मग शनिवारी कुठेही जायचं म्हटलं की तीन गाड्या बदलायच्या, स्ट्रोलर घेऊन लिफ्ट शोधायची, त्यात चाळीस मिनिटं गेली की उत्साह संपला.

निशी-कासाइचं तुम्ही विचारलंय. हो, भारतीय भरपूर आहेत, २००० च्या आसपास वायटूकेच्या, म्हणजे नवं शतक लागताना कॉम्प्युटर गडबडू नयेत म्हणून निघालेल्या कामाला आलेले आयटीवाले तिकडे राहायला लागले आणि वस्ती वाढत गेली, आपले मराठी योगेंद्र पुराणिक तर २०१९ मध्ये त्याच एदोगावा वॉर्डच्या कौन्सिलवर निवडून आले. डाळी, पीठ, मसाले, भारतीय शाळा, बागेत मराठी बोलणाऱ्या आज्या, सगळं आहे. मेट्रोची तोझाइ लाइन, ऑफिसांच्या ओतेमाची भागात पंधरावीस मिनिटांत, आणि ओतेमाचीहून टोकियो स्टेशन जमिनीखालून चालत. वीकेंडसाठी एकदम झकास. पण रोज सकाळी? कोविडच्या आधी २०१९ मध्ये याच लाइनवर किबा ते मोंझेन-नाकाचो या पट्ट्यात क्षमतेच्या १९९ टक्के गर्दी मोजली होती, देशातल्या सगळ्यात वाईट पट्ट्यांपैकी एक. आता तेवढी नसते पण सकाळी साडेसात ते नऊ मुलीला घेऊन चढायचा विचार करू नका. आपल्या लोकलची सवय असलेल्यांना त्याचं काही वाटत नाही म्हणा, पुणेकरांना वाटेल. ऑफिस योकोहामाकडे असेल तर मात्र एवढ्या लांब येऊ नका, तिकडेही भारतीय शाळा आहे, आणि शिन-योकोहामाला सगळ्या नोझोमी थांबतात, म्हणजे क्योतोला जायला टोकियोला यायचीसुद्धा गरज नाही.

घर शक्यतो यूआरचं बघा. सरकारी संस्थेच्या सोसायट्या आहेत, इमारती थोड्या जुन्या असतात पण रेइकिन म्हणजे घरमालकाला द्यायचे परत न मिळणारे पैसे नाहीत, एजंट नाही, गॅरंटर नाही, दोन वर्षांनी रिन्यूअलची फी नाही. प्रायव्हेट घरात हे सगळं धरलं तर आत शिरायलाच चारपाच महिन्यांचं भाडं जातं, त्यात तुमची किती हॉटेलं झाली असती बघा.

पहिले दोनतीन महिने वीकेंड ट्रिपचं नाव काढू नका. विमानतळावर उतरल्यावर झायर्यू कार्ड म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र मिळतं (नारिता, हानेदा, नागोयाचं चुबू, ओसाकाचं कानसाइ इथे लगेच), घर मिळालं की चौदा दिवसांच्या आत कुयाकुशो म्हणजे वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा, मग फोन, मग बँक, मग मुलीचं पाळणाघर. तीन ते पाच वर्षांच्या वर्गातल्या मुलांची पाळणाघराची फी २०१९ च्या ऑक्टोबरपासून माफ आहे पण जागा मिळणं वेगळं, प्रवेश मुख्यतः एप्रिलमध्ये आणि अर्ज आदल्या वर्षीच्या शेवटी शेवटी असतात. तुम्हाला काम करायचं असेल तर डिपेंडंट व्हिसावर वेगळी परवानगी काढून आठवड्याला अठ्ठावीस तासांपर्यंत करता येतं. ही सगळी ऑफिसं सोमवार ते शुक्रवार, नवऱ्याला रजा काढावी लागणार आणि बाकीचं तुमच्यावर.

आणि कचरा. हसू नका. वाराप्रमाणे कचरा असतो, जळणारा आठवड्यातून दोनदा, न जळणारा महिन्यातून दोनदा, बाटल्या-डबे-पेपर वेगळ्या दिवशी, सकाळी आठच्या आत ठरलेल्या जागी, वर कावळ्यांसाठी जाळी टाकायची. बऱ्याच ठिकाणी जळणाऱ्याचा वार शनिवारी किंवा सोमवारी येतो. शनिवारी असेल तर पहाटे पाचच्या गाडीने निघताना कचरा टाकून निघायचं, चुकला तर भाजीची सालं पुढच्या वारापर्यंत घरात, जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा काय वास येतो ते परत आल्यावर दार उघडलं की कळतं. आदल्या रात्री ठेवला तर शेजारच्या आजोबा टाइप कोणीतरी चिठ्ठी लावतं. मोठं सामान असेल, गादी, खुर्ची वगैरे, तर आधी फोन किंवा ऑनलाइन बुकिंग करून कोन्बिनी म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावरच्या कन्व्हिनियन्स स्टोअरमधून स्टिकर विकत घ्यायचं.

मुलीच्या औषधपाण्याचं एक सांगते जे ट्रिपशी थेट संबंधित आहे. टोकियोच्या तेवीस वॉर्डांत मुलांच्या डॉक्टरचा खर्च वॉर्ड उचलतो, त्याचं वेगळं सर्टिफिकेट मिळतं, ते दाखवलं की क्लिनिकमध्ये शून्य येन. पण ते सर्टिफिकेट टोकियोपुरतं. क्योतोला जाऊन ताप आला तर इन्शुरन्सवरचा आपला हिस्सा तिथे भरायचा आणि पावती जपून घरी आल्यावर वॉर्डाकडे मागायचा. पैसे मिळतात, फक्त पावती फेकू नका, आणि सर्टिफिकेट काढायलाच उशीर करू नका, पत्ता नोंदवायच्या दिवशीच त्याच बिल्डिंगमध्ये काम उरका.

बरं, आता फिरणं. मी लोकांना सांगते की यादी शहरांच्या नावाने करू नका, घरातून निघाल्यापासून किती तास याच्यावर करा.

दीड तासाच्या आतली ठिकाणं म्हणजे तुमचं रोजचं मीठ-भाकर. कामाकुराला टोकियो स्टेशनवरून योकोसुका लाइनने गाडी न बदलता तासाभरात, हजार येनच्या आसपास. सगळे कामाकुरा स्टेशनला उतरून एनोदेन नावाच्या चिमुकल्या ट्रेनच्या रांगेत उभे राहतात, तुम्ही एक स्टेशन आधी किता-कामाकुराला उतरा, देवळं बघत चालत खाली या, उतार असल्यामुळे मुलगीसुद्धा चालेल. मोठा बुद्ध तेराव्या शतकातला, पंचधातूत नाही तर ब्राँझमध्ये ओतलेला, त्याच्या भोवतीचा हॉल गेला तो गेलाच, आता शेकडो वर्षं उघड्यावर बसलाय आणि थोडे येन देऊन त्याच्या पोटात शिरता येतं. पुढे एनोशिमाला बेन्झाइतेन आहे, म्हणजे आपली सरस्वतीच. कावागोए इकेबुकुरोहून अर्ध्या तासात. ताकाओ डोंगर शिंजुकुहून केइओ लाइनने पाऊण-एक तासात, ५९९ मीटर उंच, केबल कार आहे, फक्त नोव्हेंबरच्या रविवारी जाऊ नका, सिंहगडावर पहिल्या पावसात जशी रांग असते तसं होतं.

आणि टोकियोतच असाकुसाला सगळे सेन्सोजीच्या मोठ्या देवळात जातात, तिथून दहा मिनिटं चालत नदीकडे माचुचियामा शोदेन नावाचं लहान देऊळ आहे तिथे जरूर जा. तो देव म्हणजे आपला गणपती, जपानी रूपातला, मूर्ती दाखवत नाहीत पण देवळात जिकडे तिकडे मुळे आणि पैशाच्या पिशव्या कोरलेल्या. प्रसादाला पांढरा मुळा, दाइकोन, दारातच विकत मिळतो. मी गेले होते तेव्हा एक आजी आल्या, पिशवी खाली ठेवली, हात धुतले, मुळा दोन्ही हातांनी धरून आत नेऊन ठेवला, टाळ्या वगैरे नाही कारण हे बौद्ध देऊळ आहे, नुसते हात जोडले, आणि जाताना तिथे ठेवलेला प्रसादाचा, आधी वाहिलेला मुळा एक उचलून पिशवीत घालून घरी घेऊन गेल्या. रात्री भाजी करणार असतील. मला तो मुळा बघून जेवढं घरी आल्यासारखं वाटलं तेवढं मोठमोठ्या देवळांत वाटत नाही. दरवर्षी ७ जानेवारीला तिथे मुळ्याचा उत्सवच असतो.

दुसरा टप्पा दोन-अडीच तासांचा, एक रात्र राहायचा. निक्को असाकुसाहून तोबू रेल्वेच्या गाडीने, कानाझावा होकुरिकु शिनकानसेनने अडीच तासात (२०१५ ला सुरू झाली, आता २०२४ पासून पुढे त्सुरुगापर्यंत जाते), सेन्दाइ दीड तासात, नागानो त्याहून थोडं कमी. दोन दिवसांत नीट होणारी शहरं हवी असतील तर माझं मत कानाझावाला. केनरोकुएन बाग, जुना बाजार, सामुराई गल्ली, सगळं एका बसच्या टप्प्यात आणि क्योतोच्या मानाने गर्दी माणसात आहे. फुजी बघायला कावागुचिकोला शिंजुकुहून बस स्वस्त पडते पण रविवारी संध्याकाळी परत येताना चुओ हायवेवर कोबोतोके बोगद्याच्या अलीकडे जो जाम लागतो तो लागतोच, दोन तासांचे चार होतात, मूल रडतंय आणि बसमधून उतरता येत नाही. फुजी एक्सकर्शन नावाची थेट ट्रेन आहे, सगळ्या सीट रिझर्व्ह, थोडे जास्त पैसे गेले तरी येताना तरी तीच घ्या.

तिसरा टप्पा क्योतो, नारा, ओसाका, हिरोशिमा. हे साध्या वीकेंडला करू नका. दोघांचं क्योतोचं येऊन-जाऊन भाडंच ५६ हजार येनच्या पुढे जातं, एवढ्यात कामाकुराच्या चौदाएक फेऱ्या होतात. नवऱ्याने सोमवार किंवा शुक्रवार रजा टाकली तरच जा आणि क्योतोऐवजी रात्र नारात किंवा ओसाकात काढा. क्योतोचा जुना बसपास विकणं २०२३ मध्येच बंद केलंय, आता सबवे आणि बस मिळून दिवसाचा ११०० येनचा मिळतो, त्याने सबवेच जास्त वापरा, बसमध्ये स्ट्रोलर घेऊन उभं राहायलाही जागा नसते. नाराचा तोदाइजीचा बुद्ध बघताना मुलीला सांगा की इ.स. ७५२ मध्ये याचे डोळे उघडायचा विधी भारतातून आलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूने केला होता. तिला काही कळणार नाही, ती हरणांमागे पळणार, पण तुम्हाला बरं वाटेल. हरणांची बिस्किटं २०० येनला, एकदम सगळी हातात धरू नका, हरणं कपडे ओढतात.

आणि त्या भागात गेलात तर एक रात्र कोयासानला काढाच. ओसाकाच्या नांबाहून नानकाइ लाइनने गोकुराकुबाशी, तिथून केबल कार. इ.स. ८१६ मध्ये कुकाइ म्हणजे कोबो दाइशींनी वसवलेलं मठांचं गाव आहे, मठातच राहायचं, जेवण शोजिन र्‍योरी म्हणजे पूर्ण शाकाहारी, तिळाचा तोफू, वाळवलेला कोया तोफू, भाज्यांचा तेम्पुरा म्हणजे जपानी भजी. शाकाहारी माणसाला जपानी जेवण निवांतपणे, काय घातलंय हे न विचारता खाता येईल अशा जागा फार थोड्या आहेत. सकाळी सहा-साडेसहाची प्रार्थना, नंतर ओकुनोइनचं देवदारांमधलं स्मशान. आणि कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने दिलेला. तेवढ्या उंचावर, धुक्यात, मराठी माणूस अचानक त्यांच्यासमोर येऊन उभा राहतो. साप्पोरो मात्र ट्रेनने होत नाही, शिनकानसेन शिन-हाकोदातेपर्यंतच आहे, विमानानेच जा आणि निदान चार दिवस काढा.

जेवणाबद्दल, ज्याची सगळ्यांना काळजी असते. मांस टाळणं सोपं, मासा टाळणं कठीण, कारण दाशी म्हणजे सुकवलेल्या कात्सुओ माशाचा अर्क मिसो सूपपासून भाजीपर्यंत सगळ्यात असतो. दाशी चालतं की नाही हे दोघांनी भारतातूनच ठरवून या, इथे दर जेवणाला टेबलावर बसून वाद घालू नका. दाशी चालत असेल तर जपान अवघड नाही. नसेल तर बाहेरचं जपानी जेवण जवळजवळ बंदच, मग भारतीय-नेपाळी हॉटेलं, जी लहान गावातही स्टेशनजवळ असतातच, ताटाबाहेर लोंबणारा गोड नान आणि गोडसर करी. टोकियो स्टेशनच्या आत टीज तानतान म्हणून पूर्ण व्हीगन रामेनचं दुकान आहे, शिनकानसेन पकडायच्या आधी तिथे जेवायचं हे बऱ्याच शाकाहारी घरांत ठरलेलं. कोन्बिनीत ओनिगिरी म्हणजे आत सारण भरलेला भाताचा गोळा घेताना उमे म्हणजे खारवलेल्या प्लमची घ्या पण पाकिटावर फोनचा कॅमेरा फिरवाच, कधीकधी उमेतही कात्सुओ असतो. आणि ती अ‍ॅलर्जीची चौकट असते ना, अंडं-दूध-गहू-शेंगदाणा वगैरे लिहिलेली, तिच्यावर शाकाहारासाठी भरवसा ठेवू नका, त्यात सक्तीने लिहायच्या गोष्टींत मासा आणि मांस नाहीत, कोळंबी आणि खेकडा आहेत. वरची घटकांची पूर्ण यादी वाचायची. बाजारातल्या करीच्या वड्यांत आणि काही ब्रेडमध्येही जनावराची चरबी असते.

र्‍योकान म्हणजे पारंपरिक जपानी हॉटेल बुक करताना रात्रीचं जेवण घेऊ नका, नुसती खोली मिळते तशी घ्या. रात्रीच्या जेवणात बारा वाट्या येतात आणि त्यातल्या नऊ माशाच्या, पैसे मात्र जेवणाचे भरपूर. घरून थेपले, दशम्या, तयार उपम्याची पाकिटं न्या, गरम पाण्याची किटली प्रत्येक हॉटेलात असते.

हॉटेलची अजून एक गोष्ट. काउंटरवरची मुलगी चेहरा बघून पासपोर्ट मागते, झेरॉक्स काढते. नियम असा आहे की जपानात पत्ता नसलेल्या परदेशी माणसाचा पासपोर्ट घ्यायचा, तुमचा पत्ता इथला आहे, त्यामुळे फॉर्मवर तो लिहा आणि हवं तर झायर्यू कार्ड दाखवा. ते कार्ड तसंही कायम जवळ लागतं, नसलं तर दंडाची तरतूद दोन लाख येनपर्यंत आहे. पासपोर्ट घरी कुलुपात ठेवा. टॅक्स-फ्री खरेदीही तुम्हाला नाही, तेव्हा दुकानात पासपोर्ट काढून उभं राहू नका. आणि सेमी-डबल नावाच्या खोलीला फसू नका, त्यात १२० ते १४० सेंटीमीटरचा पलंग असतो, तिघं झोपलात तर एकाने जमिनीवर.

तारखा बघून जायचं. गोल्डन वीक म्हणजे २९ एप्रिल ते ५ मेच्या आसपास, ओबोन म्हणजे ऑगस्टचा मध्य, आणि वर्षअखेर, या तीन वेळा अख्खा देश बाहेर पडतो, नोझोमीतले बिनरिझर्व्ह डबेसुद्धा त्या दिवसांत नसतात. तेव्हा घरीच बसा, टोकियो रिकामं असतं, मजा येते. तिकिटं एक महिना आधी सकाळी दहाला उघडतात. शनिवारच्या रात्री हॉटेल महाग, रविवारच्या रात्री स्वस्त, म्हणून सोमवारची रजा शुक्रवारपेक्षा फायद्याची. सप्टेंबरात टायफून आला तर रेल्वे आदल्या दिवशीच जाहीर करून गाड्या बंद ठेवते, म्हणून त्या महिन्यात रिफंड मिळेल असंच हॉटेल घ्या.

बजेटचं विचारलंत. मी आकडा सांगणार नाही कारण तुमचा पगार आणि भाडं मला माहीत नाही, पण पद्धत सांगते. महिन्यात दोन जवळच्या फेऱ्या, एक वीकेंड काही न करायचा (खरंच काहीही नाही, धुणं आणि झोप), एक राखीव. तीन महिन्यांतून एक लांबची. आणि जे कोणीच सांगत नाही ते म्हणजे जुमिनझेइ, रहिवासी कर. तो आदल्या वर्षीच्या जपानातल्या कमाईवर साधारण दहा टक्के लागतो, त्यामुळे पहिल्या वर्षी जवळपास शून्य असतो आणि हातात जास्त पैसे दिसतात, मग दुसऱ्या वर्षी जूनपासून पगारातून कापायला लागले की लोक दचकतात. लांबच्या मोठ्या ट्रिपा पहिल्या वर्षात करून घ्या आणि पहिल्या वर्षीच दर महिन्याला थोडे बाजूला टाकत जा. कंपनी हा कर भरणार आहे का ते ऑफर लेटरमध्ये बघा, काही कंपन्या बदलीवर भरतात.

निघायच्या आधी दोन कामं भारतातच. औषधं महिन्याभरापेक्षा जास्त आणायची असतील तर आधी ऑनलाइन परवानगीचा कागद काढावा लागतो, आणि सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्युडोएफेड्रिन आहे त्या तपासून घ्या, ठरावीक प्रमाणाच्या वर ते इथे आणायला बंदी आहे. आणि ताजा कढीपत्ता, आंबे, भाज्या बॅगेत भरू नका, सरकारी तपासणीच्या सर्टिफिकेटशिवाय विमानतळावर काढून घेतात. वाळवलेला कढीपत्ता इथल्या भारतीय दुकानांत मिळतो.

नवऱ्याच्या ऑफिसचं स्टेशन कोणतं ते लिहा, म्हणजे घरासाठी कुठल्या लाइनवर शोधायचं ते सांगता येईल.